सोंडाईचा दोर

“सुनांनो, बांगड्यांना चिंध्या बांधा!”

गोठ्याच्या भिंतीपलीकडून मामंजींचा आवाज आला आणि आम्ही चौघी जावा एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिलो. हातात मनगटाएवढा जाड दोर, त्याचं दुसरं टोक परसातल्या बाभळीला बांधलेलं, आणि चैत्राच्या उन्हात आमचं घामानं पार पाणी पाणी झालेलं.

“आता ह्यो काय नवा कायदा?” थोरल्या जाऊबाई पुटपुटल्या. “मालन, तू विचार की.”

“मी धाकटी! मी कशी विचारू?”

“मग काय मी विचारू? सासऱ्याला?”

शेवटी नेहमीसारखं आमच्या सासूबाईंनाच मधे पडावं लागलं. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. दोराच्या अगदी शेवटाला, कमरेभोवती दोर घेऊन त्या उभ्या होत्या. तिथूनच त्यांनी भिंतीला हाक मारली, “अवो, पोरी विचारत्यात, चिंध्या कशापायी?”

“कशापायी म्हणून पलटणीत कुणी विचारत नसतं!”

“ही पलटण न्हाई. माझ्या सुना हाईत.”

भिंतीपलीकडचा आवाज एकदम खाली आला. “बरं, मग त्यास्नी माझ्या वतीनं इनंती कर. बांगड्या वर चढवायच्या आणि चिंधी गुंडाळायची. वाजल्या न्हाई पायजेत. बास.”

आम्ही तोंडाला पदर लावून खदाखदा हसलो. सुभेदार केरबा फडतरे, ज्यांच्या एका हाकेला अख्खी मराठा पलटण पाय आपटायची, ते बायकोपुढं असे मऊ व्हायचे!

आता कुणी म्हणेल, सासऱ्यानं भिंतीआडून का बोलायचं? अहो, तीच तर रीत होती आमच्या सोंडवलीत. सासऱ्यासमोर सुनेनं उभं राहायचं नाही, राहिलीच तर पदर कपाळापर्यंत. वहाणांचा आवाज आला की हातातलं काम टाकून आधी पदर सावरायचा. मी नवी नवरी असताना पहिल्याच आठवड्यात पदर सावरायच्या नादात हातातलं दुधाचं पातेलं सोडलं. सगळ्या सैपाकघरात दूध! तर मामंजी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, “पोरीला कुणी बोलू नका. चूक माझी हाय. मी खोकलो न्हाई.” त्या दिवसापासून माणूस घरात पाऊल टाकायच्या आधी अंगणातूनच मोठ्यांदा खोकायचा. आपल्याच घरात.

असा होता तो माणूस. मिसरूड फुटायच्या आधी भरती झाला, दोन लढाया केल्या, उमेदीची सगळी वर्षं बर्फात आणि वाळवंटात गेली. चार पोरांपैकी एकाच्याही बारशाला हजर नव्हता. पेन्शनीत घरी आला आणि राहिलेला सगळा संसार एका दमात करायला बसला. पहाटे उठून आत्याबाईंसाठी चहा करायचा आणि कप त्यांच्या उशाशी नेऊन ठेवायचा. नातींच्या वेण्या घालायचा, त्याही अशा लष्करी की एक केस इकडचा तिकडं नाही. पोरी रडायच्या, पण शाळेत त्यांच्यासारख्या वेण्या कुणाच्या नसायच्या.

आणि आता ह्या माणसानं आपल्या सुनांना दोर ओढायला शिकवायचं मनावर घेतलं होतं.

सोंडाई म्हणजे आमची गावदेवी. तिच्या जत्रेत पुरुषांच्या कुस्त्या दुसऱ्या दिवशी. पहिला दिवस बायकांचा. वरच्या आळीच्या आठजणी आणि खालच्या आळीच्या आठजणी देवळापुढच्या माळावर दोर ओढतात. जी आळी जिंकेल तिनं देवीची पहिली ओटी भरायची. खालची आळी आमची, फौज्यांची. आत्याबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून खालच्या आळीनं एकदाही दोर जिंकला नव्हता. बायका काय कमी ताकदीच्या होत्या? छे! नांगरापासून धुण्यापर्यंत सगळं त्याच ओढत होत्या. पण दोराला हाक देणारा माणूस लागतो. एकानं हाक दिली की आठजणींचं बळ एका क्षणी लागतं, नाहीतर जिची तिची ओढ जिकडं तिकडं. वरच्या आळीला हाक द्यायला त्यांच्या म्होरकीचा, गऊबाईचा धाकटा दीर होता, पैलवान गडी. दिरासमोर कसला आलाय पदर? आमचे दीर, नवरे सगळे सरहद्दीवर. त्या वर्षीही माझ्या नवऱ्याला आणि त्यांच्या तिन्ही भावांना जत्रेची रजा मिळाली नव्हती.

आत्याबाईंचं दुखणं इथंच होतं. एकाहत्तरच्या लढाईत मामंजींची कितीतरी दिवस काही खबर नव्हती. तेव्हा ओल्या केसांनी सोंडाईपुढं जाऊन त्या बोलून बसल्या, “माझा माणूस सुखरूप येऊ दे, जत्रेची पहिली ओटी मी भरीन.” माणूस आला. पण पहिली ओटी काही हाताला लागेना. नवस बोललेलीचा हात दोराला लागलाच पाहिजे, असा दंडक. म्हणून ही बाई दर जत्रेला दोर धरायची, दर जत्रेला धुळीत फरफटत जायची, आणि खण-नारळ परत घेऊन घरी यायची. मामंजींना त्यांनी अवाक्षर सांगितलं नव्हतं. ते कधी जत्रेला गावात असायचेच नाहीत ना!

पेन्शनीत आल्यावरच्या पहिल्याच जत्रेत मामंजींनी आपल्या बायकोला धुळीत पालथी पडलेली पाहिली. घरी येऊन त्यांनी विचारलं, तेव्हा कुठं आत्याबाईंनी नवसाचं सांगितलं. मी सैपाकघरात होते, मला सगळं ऐकू आलं.

“माझ्या जिवापायी तू इतकी वर्सं एकटी वढत व्हतीस?”

“मग काय तुम्हास्नी सुट्टी काढून या म्हनू व्हय?”

मामंजी त्या रात्री जेवले नाहीत.

आणि पुढच्याच, म्हणजे ह्या वर्षी आत्याबाईंचे गुडघे सुजून भोपळ्याएवढे झाले होते. साताऱ्याच्या डॉक्टरांनी जड काम बंद सांगितलं होतं. “ह्या साली शेवटचा,” त्या आम्हाला म्हणाल्या. “पुन्हा मला उभं राहायला जमायचं न्हाई. नवस डोक्यावर ऱ्हायला तर... ह्ये जरा खोकलं की माझ्या काळजाचं पाणी व्हतंय गं. आई विसरत न्हाई.” आता सांगा, तो बिचारा सुनांची अडचण नको म्हणून अंगणात खोकतो, आणि आत ही बाई देवीनं बोलावणं धाडलं म्हणून भिंत धरते! मला एकदा वाटलं मामंजींना सांगावं. पण मी कशी सांगणार? पदर!

तर महिनाभर आमची कवायत चालली. आम्ही चार जावा, आत्याबाई आणि आळीतल्या तिघी, अशा आठजणी परसात. मामंजी गोठ्याच्या भिंतीपलीकडं बाजेवर. पलटणीच्या रस्सीखेचीत वर्षानुवर्षं हाक त्यांचीच असायची म्हणे. त्यांचे शब्द तीनच. “धरा!” म्हणजे मूठ आवळायची. “रोवा!” म्हणजे टाचा मातीत. आणि “घ्या!” म्हटलं की सगळ्यांनी एकदम मागं. भिंतीपलीकडून आवाज आला की बाभळ हलायची. खरंच हलायची! शेंगा पडायच्या टपाटपा.

“बाभळ उपटली तर कुंपणाला काटं कुठनं आणू?” मामंजी पलीकडून ओरडायचे, पण आवाजात खुशी मावत नव्हती.

जत्रेचा दिवस उजाडला. आम्ही आत्याबाईंची जुनी नऊवारी लुगडी कासोटा घट्ट खोचून नेसलो, बांगड्या वर सारून चिंध्या गुंडाळल्या. माळावर ही गर्दी! झाडांवर पोरं, दुकानाच्या पत्र्यांवर पोरं. गुरवानं चुन्याची रेघ मारली, दोराच्या मधोमध लाल फडकं बांधलं. ज्या आळीनं फडकं दोनदा आपल्या बाजूला नेलं तिची ओटी.

समोर गऊबाई. धिप्पाड बाई, दावं तोडून पळणाऱ्या म्हशीला एका हातानं खुंट्याला आणणारी. आमच्या चिंध्या बघून ती फिसकन हसली. “काय गं, हात मोडलं व्हय आधीच?”

“तुमचं मोडल्यावर बांधायला आणल्यात!” मी म्हणाले, आणि थोरल्या जाऊबाईंनी मला कोपरानं ढोसलं.

आम्ही दोर धरला. आणि मामंजी रेघेजवळ आले. पांढरंफेक धोतर, काळा कोट, त्यावर पदकं, खांद्यावर टॉवेल. हाक देणाऱ्यानं रेघेपाशीच उभं राहायचं, असा नियम. म्हणजे आमच्या अगदी समोर. तोंडासमोर.

माळावर कुठं आली गोठ्याची भिंत?

मामंजींनी छाती भरून हाक मारली, “धराऽऽ!”

आणि आम्ही चौघी सुनांनी काय करावं? चौघींचेही उजवे हात एकदम दोरावरून उठले आणि डोक्यावरच्या पदराला गेले!

मी शपथेवर सांगते, कुणी ठरवून केलं नाही. हात आपोआप गेला. इतक्या वर्षांची सवय ती. पलीकडून पैलवान ओरडला, “हाणा!” आणि दुसऱ्या क्षणाला आम्ही आठजणी धुळीत. कुणाचं नाक कुणाच्या पाठीत, कुणाचा पाय कुणाच्या गळ्यात. लाल फडकं गेलं गऊबाईच्या पायाशी.

माळ नुसता फुटला हसून. “सुभेदाराच्या सुना लई मर्यादशील!” कुणीतरी पत्र्यावरून ओरडलं. “दोर जाऊ दे, पदर ऱ्हाऊ दे!”

मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. थोरल्या जाऊबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी. मागं वळून बघितलं तर आत्याबाई गुडघा धरून बसलेल्या, केसांत माती. आमच्यावर रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्या नुसत्या देवळाच्या दाराकडं बघत होत्या. ओठ हलत होते.

मामंजी तिथंच उभे. आमच्याकडं बघावं की नाही ह्याच पेचात. ते एक पाऊल पुढं आले, तर आमचे हात पुन्हा पदराला! ते दचकून मागं सरले.

“सुभेदार, दुसऱ्या कुणाला तरी उभं करा,” गुरव म्हणाला. “तुमच्यानं न्हाई जमायचं हे. सुना हाईत त्या.”

“दुसरं कोण हाय आमच्या आळीत?” मामंजी म्हणाले. “समदी पोरं तिकडं हाईत.”

“मग पाठ फिरवून उभं ऱ्हावा,” गऊबाईचा दीर हसत म्हणाला.

“लढाईत पाठ?” मामंजींनी त्याच्याकडं असं बघितलं की पैलवानाचं हसू जागीच थिजलं.

मग ते आत्याबाईंपाशी गेले, चारचौघांत त्यांच्यासमोर उकिडवे बसले, आणि खांद्यावरच्या टॉवेलानं त्यांच्या केसांतली माती झाडायला लागले. माळावरचं हसणं जरा कमी झालं.

“ऱ्हाऊ दे आता,” आत्याबाई म्हणाल्या. “आईच्या मनात न्हाई.”

“आईच्या मनात काय हाय ते आई बघंल. उभी ऱ्हातीस का?”

“पोरी पदर सोडत्याल व्हय तुमच्यापुढं? जन्मभराची सवय हाय.”

मामंजी हातातल्या टॉवेलाकडं बघत बसले. बघता बघता त्यांच्या मिशा हलल्या. मला वाटलं रडतायत की काय. कसलं रडणं! माणूस हसत होता.

ते ताडकन उठले, रेघेपाशी आले, आणि सगळ्या गावासमोर, पदकं लावलेल्या त्या सुभेदारानं काय करावं? टॉवेल उघडला, डोक्यावरून घेतला, आणि नव्या नवरीसारखा थेट हनुवटीपर्यंत तोंडावर ओढला!

मग टॉवेलाच्या आतून आवाज आला. “सुनांनो! पदर मी घेतलाय. तुम्ही दोर घ्या!”

काय सांगू तुम्हाला! आधी माझ्याच तोंडून हसू फुटलं. मग थोरल्या जाऊबाई, मग बाकीच्या दोघी. पोट धरून हसलो आम्ही सासऱ्यासमोर, आणि हसता हसता अंगातली ती इतक्या वर्षांची भीती कुठल्या कुठं पळाली. पदर कमरेला खोचले. डोकी उघडी. वारा लागला डोक्याला!

“ही लबाडी हाय!” गऊबाई ओरडली.

गुरव डोकं खाजवत म्हणाला, “सासऱ्यानं पदर घेऊ नये असा काय नियम न्हाई, बाई.”

“धरा!” टॉवेल ओरडला. “रोवा!” आमच्या टाचा मातीत. “घ्याऽऽ!”

अहो, बाभळ हलवणाऱ्या बायका आम्ही! गऊबाईला कळायच्या आत लाल फडकं आमच्या पायाशी. आळीची म्हातारीकोतारी शिट्ट्या मारायला लागली. एक एक झालं. आता शेवटचा.

पण वरच्या आळीच्या बायकाही काही कच्च्या नव्हत्या. शेवटच्या डावाला त्या ज्या रुतून बसल्या, त्या हलेनातच. आम्ही ओढतोय, त्या ओढतायत, फडकं रेघेवर जागच्या जागी थरथरतंय. तळव्यांची सालं निघाली. दातावर दात. घाम डोळ्यांत. माझ्या मागं धाप ऐकू येत होती, आणि सगळ्यात मागं आत्याबाईंचं कण्हणं. फडकं बोटभर पलीकडं सरकलं. आणखी बोटभर.

“अवो!” आत्याबाई मागून ओरडल्या. “माझा पाय चाललाय! हाक द्या!”

मामंजी हलले नाहीत. टॉवेलाआड मान जरा तिरकी, कान वरच्या आळीकडं.

“मामंजी, हाक द्या!” हे कोण ओरडलं? मीच! सासऱ्याशी आयुष्यात पहिल्यांदा थेट बोलले ते असं.

“दम धर, पोरी,” टॉवेलातून शांत आवाज आला. आणि मग, सगळ्या गावासमोर, मामंजींनी कधी घरातही आमच्या कानावर पडू दिलं नव्हतं ते नाव घेतलं. “साळू! माझ्यापायी इतकी वर्सं वढलंस. आता एवढाच दम धर!”

मागचं कण्हणं थांबलं. दोर माझ्या हातात एकदम ताठ झाला.

आणि मग मलाही ऐकू आलं. छुन. समोरून. गऊबाईच्या हातातल्या बांगड्या. मग तिच्या मागचीच्या. छुन, छुन. घामानं मुठी घसरत होत्या आणि त्या मूठ बदलत होत्या. आमच्या चिंध्यांतनं हूं की चूं नाही, आणि त्यांच्या बांगड्या मात्र सगळं सांगत होत्या. मामंजी महिनाभर आधीपासून ह्याच आवाजाची तयारी करत होते. मुठी सैल पडल्या की बांगड्या बोलणार, आणि आमच्या बोलायच्या नाहीत!

छुन छुन छुन.

“घ्याऽऽऽऽ!”

मी डोळे मिटले आणि मागं पडले. सगळ्याच पडलो, पण ह्या वेळी मागं पडलो, एकमेकींच्या अंगावर, आणि दोर आमच्याबरोबर आला, आणि दोरामागून गऊबाई, आणि गऊबाईमागून अख्खी वरची आळी!

मग जे काय झालं ते मला धड आठवत नाही. हलगी वाजत होती, आमच्या डोक्यावर गुलाल पडत होता, थोरल्या जाऊबाई मला मिठी मारून बोंबलत होत्या. गऊबाई धूळ झटकत आली आणि मामंजींसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “काढा की आता पदर, सुभेदार. मुखडा तर बघू!” टॉवेल बाजूला झाला तर आत माणूस डोळे पुसत होता.

आत्याबाईंना आम्ही दोघीजणींनी धरून गाभाऱ्यापर्यंत नेलं. खण, नारळ, तांदूळ. घाईत त्यांच्याकडून निम्मे तांदूळ खाली सांडले. पण पहिली ओटी त्यांनी भरली. बाहेर आल्या, दीपमाळेपाशी उभ्या असलेल्या मामंजींपुढं थांबल्या आणि म्हणाल्या, “झालं बाई एकदाचं. आता खुशाल खोका.”

“म्हंजे?” मामंजींना काहीच कळेना.

मग मी सांगितलं. सगळं. की तुम्ही खोकलात की आत आत्याबाई भिंत धरतात, देवीचं बोलावणं समजून. मामंजी ऐकत राहिले. मग त्यांनी आम्हा चौघींकडं बघितलं, सरळ, पहिल्यांदाच.

“आजपासनं मी खोकणार न्हाई,” ते म्हणाले. “आणि कुणी पदर घेणार न्हाई. घेतला तर मी पण घेईन. सांगून ठेवतो.”

आणि खरंच तसं चालू झालं. सवय अशी थोडीच जाते? कधी दारात पाहुणे असले, कधी नुसतं चुकून, आमच्यापैकी एखादीचा हात डोक्याकडं जायचा. की लगेच मामंजींचा टॉवेल तोंडावर! पाहुण्यांसमोर, गावच्या पुढाऱ्यांसमोर, एकदा तर व्याह्यांसमोर भर पंगतीत. व्याही घास हातात धरून बघतच राहिले. माणूस नव्वदी ओलांडून गेला, कान गेले, दात गेले, पण टॉवेल खांद्यावरून गेला नाही. आत्याबाईंच्या उशाशी पहाटेचा चहाही कधी चुकला नाही. शेवटी शेवटी कप नेताना निम्मा चहा बशीत सांडायचा. “पुरे की आता, सुना हाईत,” आत्याबाई म्हणायच्या. “सुना हाईत, पण नवस माझ्यापायी केला व्हतास,” हे उत्तर ठरलेलं.

जायच्या आधी दोनेक महिने मला म्हणाले, “मालन, मला उचलायचं झालं तर तुम्ही चौघींनी उचला. पोरांच्या हातांचा भरवसा न्हाई. तुमची मूठ मी बघितलीय.”

“अशुभ बोलू नका, मामंजी.”

“हुकूम हाय.”

ते गेले त्या सकाळी चहा आत्याबाईंच्या उशाशी ठेवलेला होता. नुसता ठेवून ते बाजूच्या खुर्चीत बसले होते, तसेच.

अंगणात गाव जमलं. पदकं लावलेले म्हातारे फौजी आले. भावकीतल्या दोघी म्हाताऱ्या आत्याबाईंच्या बांगड्या फोडायला आत गेल्या, रीतच होती ती. आत्याबाईंनी हात मागं घेतले.

“फोडायच्या न्हाईत,” त्या म्हणाल्या. “मालन, इकडं ये. त्यांचा टॉवेल आण.”

मी आणला. त्यांनीच दातांनी त्याची कड फाडली आणि पट्टी माझ्या हातात दिली. हिरव्या बांगड्या वर सारून पुढं केल्या. “बांध. घट्ट बांध. मला बाहेर जायचंय.”

मी बांधल्या. त्यांनी दोन्ही गाठी ओढून बघितल्या.

अंगणात तिरडीपाशी आम्ही चौघी जावा उभ्या राहिलो. आता आम्हीही पिकल्या केसांच्या. गावातल्या जाणत्यांनी कुरकुर केली, “बायका खांदा देत्यात व्हय कुठं?” माझा नवरा मधे पडला. “आबांचा हुकूम हाय,” एवढंच म्हणाला, आणि चौघे भाऊ बाजूला सरले.

आम्ही बांबू धरला. पण उचलेना. बळ कुठं होतं अंगात? मी खाली बघितलं. पांढरं कापड थेट तोंडावरून, हनुवटीच्या खाली ओढलेलं. मला वाटलं आता आतनं आवाज येणार. चौघीही त्या कापडाकडंच बघत होतो.

मागून आत्याबाईंचा आवाज आला. जोत्यावर, खांबाला धरून त्या उभ्या होत्या, नव्वदीला टेकलेली म्हातारी, आणि आवाज असा खणखणीत की अंगणातले फौजी ताठ झाले.

“धरा!”

आम्ही मूठ आवळली.

“रोवा!”

टाचा मातीत.

“घ्याऽऽ!”

मामंजी खांद्यावर आले. वाऱ्यानं माझा पदर डोक्यावरून घसरून पाठीवर आला, बाकीच्या तिघींचाही आला. सगळं गाव बघत होतं. कुणीही हात सोडला नाही. पदर त्यांनी घेतला होता.